घराचे वाटे कागदावर, सेवेचा वाटा कोणावर?

गोव्यात लग्नाआधी वेगळा करार केलेला नसेल, तर लग्नानंतर नवरा-बायकोची मालमत्ता सामायिक होते. १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेतून आलेला हा नियम आजही आपल्याकडे चालतो. नवऱ्याचं घर, जमीन, वाडवडिलांकडून आलेला हिस्सा, सगळ्यात बायको निम्म्याची धनीण. जागा विकायची तर तिची सही लागते म्हणजे लागतेच. बेळगावच्या माझ्या मावसबहिणींना हे ऐकून नवल वाटतं, आणि मला या कायद्याचा अभिमान आहे. पण घरातलं माणूस अंथरुणाला खिळलं की त्याची सेवा कोणी करायची, हे मात्र कुठल्याच दप्तरात लिहिलेलं नसतं. ते न विचारताच ठरतं आणि बहुतेक वेळा सुनेच्या नाहीतर मुलीच्या अंगावर येतं. आमच्या घरी आम्ही ते विचारून, भांडून आणि शेवटी कागदावर लिहून ठरवलं. फोंड्याच्या आसपास माझ्या ओळखीच्या कितीतरी बायका आज याच चक्रात आहेत, म्हणून काय काय केलं ते सांगते.

सासूबाईंना पक्षाघाताचा झटका आला आणि उजवी बाजू गेली. वाचाही गेली. समजतं सगळं, शब्द मात्र दोन-चारच फुटतात. सासरे प्राथमिक शिक्षक होते, ते आधीच वारले. घरात मी, नवरा आणि मुलगी. मी पतसंस्थेत नोकरी करते, नवरा वेर्ण्याला कारखान्यात शिफ्टमध्ये. मोठे दीर वास्कोला, धाकटे पुण्याला, नणंद साखळीला दिलेली.

हॉस्पिटलातून सोडायच्या आदल्या दिवशी सिस्टर वॉर्डात आल्या आणि त्यांनी पहिला प्रश्न केला, "सून कोण?" पोटचे दोन मुलगे खाटेला लागूनच उभे होते. मी नवऱ्याचा हात धरून त्याला पुढे घेतलं आणि म्हटलं, "सिस्टर, यांनाही दाखवा. दोघांनाही दाखवा." त्या क्षणभर थांबल्या, पण नंतर त्यांनी फार मनापासून शिकवलं, आणि त्या तासाभरात शिकलेलं आजपर्यंत उपयोगी पडतंय. दर दोन तासांनी कूस बदलायची, नाहीतर माकडहाडावर आणि टाचांवर जखमा होतात. भरवताना पाठ सरळ, हनुवटी जराशी खाली, घास छोटा. आडवं ठेवून पेज पाजली तर ती श्वासनलिकेत जाते. लुळ्या पडलेल्या हाताला धरून कधीही ओढायचं नाही, खांदा निखळतो.

सगळ्यांत महत्त्वाची ती आडवी चादर. दुहेरी घडी घालून ती पेशंटच्या खांद्यापासून मांडीपर्यंत अंगाखाली सरकवायची. दोन बाजूंना दोघं उभी राहतात, चादरीची कड गुंडाळत अंगाजवळ आणून मुठीत घट्ट धरतात, गुडघ्यात वाकतात, एक-दोन-तीन म्हणतात आणि एकाच वेळी उचलतात. माणूस वर सरकतं, कातडी घासत नाही आणि उचलणाऱ्याची कंबर शाबूत राहते. याला दोन माणसं लागतात. एकटीने केलं तर सहा महिन्यांत दुसरा पेशंट तयार. घरोघरी हे एकटी बाईच करत असते आणि मग तिच्या कंबरदुखीला "वयोमानाप्रमाणे" म्हटलं जातं.

घरी आल्यावर मी खाटेजवळच्या खिळ्याला दोरी बांधून एक दोनशेपानी वही लटकवली. नियम एकच. जो जे करील त्याने वेळ घालून लिहायचं आणि सही करायची. कूस बदलली, डायपर बदलला, भरवलं, औषध दिलं, कपडे धुतले, फिजिओथेरपीचे व्यायाम करून घेतले, पास-बुक भरून आणलं, सगळं. डॉक्टरांनाही अशी नोंद उपयोगी पडते, त्यामुळे कोणी नाही म्हणायचा प्रश्न आला नाही. पण माझा हेतू तेवढाच नव्हता, आणि तो मी पहिल्याच दिवशी नवऱ्याला सांगितला होता.

महिनाअखेरीला पानं उलटली तेव्हा रात्रीच्या रकान्यात ओळीने माझीच सही होती. पहाटेची अंघोळ मी. संध्याकाळी मुलगी, जिची बारावी होती. नवऱ्याच्या सह्या होत्या त्या औषधं आणल्याच्या, बिल भरल्याच्या, गाडी काढल्याच्या. म्हणजे घराबाहेरच्या कामांच्या. तो कामचुकार नाही. पण कुठलं काम आपलं, याची रेघ त्याच्या मनात लहानपणापासून आखलेली होती. देशाचा वेळवापर सर्व्हे, २०२४ सालचा, हेच सांगतो. घरकाम करणाऱ्या बाईची दिवसाला सरासरी २८९ मिनिटं त्यात जातात, घरकाम करणाऱ्या पुरुषाची ८८. सांभाळण्याच्या कामात बाई १३७ मिनिटं, पुरुष ७५. २०१९ च्या आधीच्या सर्व्हेत घरकामाचे आकडे २९९ आणि ९७ होते. पाच वर्षांत बाईची दहा मिनिटं कमी झाली, पण ती पुरुषाने उचलली नाहीत, त्याचीही नऊ कमी झाली. मी हे आकडे वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवले.

त्याच सुमारास सासऱ्यांच्या मागे राहिलेलं वारसाचं काम निघालं. आपल्याकडे सब-रजिस्ट्रारकडे नोटरीपुढे वारसाचा दस्त होतो, ज्याला सगळे सक्सेशन डीड म्हणतात. त्यात मुलगे आले, मुलगी आली आणि सगळ्यांचे जोडीदारही आले, म्हणजे सुना आणि जावईसुद्धा. हिशेब स्वच्छ आहे. निम्मं घर सासूबाईंचं स्वतःचं, उरलेल्या निम्म्याचे चार भाग. त्यासाठी सगळे एकत्र जमले होते. वसरीवर चहा झाला, कागद वाचून झाले आणि मी वही आणून मधोमध ठेवली.

मी एवढंच म्हटलं, की या कागदावर आपण आठ माणसं आहोत, आणि या वहीत दीड माणूस आहे.

थोरले दीर म्हणाले, "वहिनी, तुमच्या हाताची आईला सवय झालीय. आमचं तिला जमायचं नाही." हे वाक्य प्रत्येक घरात कोणी ना कोणी म्हणतं, आणि त्यात कौतुक असल्यामुळे बाईला त्यावर बोलता येत नाही. मी त्यांना ज्येष्ठ नागरिकांच्या पालनपोषणाचा २००७ चा कायदा काय सांगतो ते सांगितलं. आईवडिलांना सांभाळायची जबाबदारी त्यात मुलगा, मुलगी, नातू, नात यांच्यावर घातली आहे. सुनेचं नाव त्यात नाही. २०१९ साली संसदेत आलेल्या दुरुस्ती विधेयकात सून आणि जावई घालायचा प्रस्ताव होता, पण ते मंजूर झालं नाही. माझं म्हणणं मी सेवा करणार नाही असं मुळीच नव्हतं. माझ्या बाळंतपणानंतर सासूबाईंनीच मुलीला सांभाळलं, मी नोकरीवर टिकले ती त्यांच्यामुळे. त्यांच्यासाठी मला करायचंच आहे. पण मी करते ती मायेपोटी, तुमच्या बदल्यात नव्हे, हे त्या दिवशी मी सगळ्यांसमोर बोलले.

नणंद रडायला लागली. तिच्या घरी तिचे सासू-सासरे दोघेही ऐंशीच्या पुढचे, त्यांचं सगळं तीच करते. गोव्यात मुलीला बरोबरीचा हिस्सा आहे, तेव्हा सेवेतही तिचा वाटा आला, हे बरोबर. पण तिच्यावर आधीच दुसऱ्या घरचा पूर्ण भार आहे, हे जमेला धरायला हवंच होतं. तिच्या नवऱ्याचं नावही दस्तावर होतं. ते गृहस्थ शांतपणे म्हणाले, "मग महिन्यातला एक शनिवार-रविवार मी येतो. फिजिओ मी करून घेईन, माझ्या वडिलांचे व्यायाम मीच घेतो." त्या बैठकीत आपणहून काम अंगावर घेणारे ते पहिले, म्हणून पुढचं सोपं झालं.

सासूबाईंनाही खाटेजवळ बसून विचारलं. हे मला फार गरजेचं वाटतं, कारण सेवा कशी आणि कोणाकडून घ्यायची हा हक्क ज्याची सेवा करायची त्याचा आहे. अंघोळ आणि डायपर बाईमाणसानेच करायचं, हे त्यांनी हाताने आणि डोळ्यांनी स्पष्ट सांगितलं. त्यांची लाज राखलीच पाहिजे. पण वही घेऊन बसलं की दिसतं, की बाईच पाहिजे असं काम दिवसाला तासा-दीड तासाचं आहे. भरवणं, कूस बदलणं, व्यायाम, रात्रीची जाग, चादरी धुणं, डॉक्टरकडे नेणं, यातलं काहीही पुरुषाने केलं तर त्यांची हरकत नव्हती. "बाईमाणसाचं बाईनेच" हे कारण एका तासाचं, आणि त्याच्या आडून पुरुषांचे उरलेले तेवीस तास सुटतात.

दिवसाला मदतनीस बाई ठेवायची, रात्र घरच्यांनी वाटून घ्यायची असं ठरलं. पैसे कुठून, तर आधी सासूबाईंच्या फॅमिली पेन्शनमधून. ते त्यांचेच आहेत. कमी पडेल ते चार भावंडांनी सारखं.

बाई एका एजन्सीतून आली. दोडामार्गची, पन्नाशीच्या अलीकडची, आम्ही सगळे त्यांना ताई म्हणतो. एजन्सीच्या कागदावर आमच्या जबाबदाऱ्या होत्या, एजन्सीच्या अटी होत्या आणि ताईंच्या हक्काचं एक अक्षर नव्हतं. चोवीस तास राहायचं, आठवड्याची सुट्टी नाही, गावी गेल्यास पगार कापायचा. आम्ही भरत होतो त्यातला जवळजवळ एक तृतीयांश त्यांच्या हातात पडतच नव्हता, तो दर महिन्याला एजन्सीकडे राहायचा. माझा संताप झाला. माझ्या अंगावरचं ओझं उतरवून दुसऱ्या बाईच्या पाठीवर फुकटात टाकायचं असेल, तर मग मी त्या बैठकीत बोलले ते कशासाठी? एजन्सीची ठरलेली मुदत संपेपर्यंत थांबलो, आणि मग ताईंशी थेट करार करायचं ठरवलं.

तो करार लिहायला आम्ही स्वयंपाकघरात टेबलाशी बसलो, मी, नवरा आणि ताई. मी मुद्दे लिहून ठेवले होते. सकाळी सातपासून संध्याकाळी सातपर्यंत काम, मध्ये दुपारी दोन तास विश्रांती. रात्री त्यांना उठवायचं नाही. रविवारी सुट्टी. आजारपणाची आणि सणाची रजा भरपगारी. पगार पाच तारखेच्या आत. काम सोडायचं किंवा थांबवायचं झालं तर दोन्हीकडून महिन्याची सूचना. काम फक्त पेशंटचं. आमची भांडी, लादी, अंगण त्यात नाही. जेवण आमच्याच पंगतीत, आमच्याच ताटांत.

मग मी विचारलं, तुम्हाला काय हवंय? ताई बराच वेळ बोलल्या नाहीत. इतक्या वर्षांत हा प्रश्न त्यांना कोणी केला नव्हता, असं त्या नंतर म्हणाल्या. त्यांनी तीन गोष्टी सांगितल्या आणि त्यातली एकही मला सुचली नव्हती. पगार त्यांच्या स्वतःच्या बँक खात्यात, नवऱ्याच्या मोबाईल नंबरवर नाही. भेटायला येणाऱ्या पाहुण्यांनी त्यांना चहा करायला सांगायचं नाही. आणि त्यांच्या खोलीच्या दाराला आतून कडी.

कडी दुसऱ्याच दिवशी सुताराकडून लावून घेतली. ती खोली पूर्वी भात साठवायची, दाराला बाहेरून कोयंडा होता, आतून काहीच नव्हतं. परक्या घरात राहून काम करणाऱ्या बाईने वर्षानुवर्षं दाराला ट्रंक लावून झोपायचं, आणि आपण म्हणायचं की ती घरच्यासारखी आहे! २०१३ च्या लैंगिक छळ प्रतिबंधक कायद्यात घर हेही कामाचं ठिकाण धरलेलं आहे आणि घरकामगार बाई त्यात स्पष्टपणे येते, हे किती घरांत ठाऊक असेल? तक्रार जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे करायची, घटनेपासून तीन महिन्यांच्या आत. घरकामगाराच्या बाबतीत प्रथमदर्शनी तथ्य दिसलं तर समितीने सात दिवसांत ते पोलिसांकडे पाठवायचं असतं. फोंडा तालुका २०१५ पासून दक्षिण गोव्यात आहे, तेव्हा आमच्यासाठी ती समिती दक्षिण गोवा जिल्ह्याची. ही माहिती आणि १८१ हा महिला हेल्पलाइनचा नंबर करारातच लिहिला. नवरा आधी म्हणाला, "हे आपल्याच घराविरुद्ध कशाला लिहायचं?" मी म्हटलं, चांगल्या घराला हे लिहायची भीती वाटायचं कारण नाही. मग त्यानेच स्वतःच्या अक्षरात लिहिलं.

ई-श्रम, म्हणजे असंघटित कामगारांसाठीची केंद्र सरकारची नोंदणी, तीही करून घेतली. वय १६ ते ५९, आधारला जोडलेला मोबाईल आणि बँक खातं एवढं पुरतं, पैसे पडत नाहीत आणि बारा आकडी नंबर मिळतो. ताईंचा मोबाईल आधारला जोडलेला नव्हता, तिथे काम अडलं. आधी तो जोडून घेतला. बँकेत प्रधानमंत्री सुरक्षा विमा सुरू केला. वर्षाला २० रुपये हप्ता, अपघाती मृत्यूला दोन लाख. कंबर धरली, पाठ भरली तर यातलं काहीच मिळत नाही, आणि या कामात दुखतं ते नेमकं तेच. म्हणून कामामुळे दुखापत झाली तर उपचाराचा खर्च घर करील, असं कलम आम्ही घातलं. घरी काम करणाऱ्या बायकांसाठी वेगळा केंद्रीय कायदा अजून नाही. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा घरकामगारांसाठीचा आंतरराष्ट्रीय करार आहे, क्रमांक १८९, २०११ सालचा. भारताने तो मंजूर करून स्वतःला लागू केलेला नाही. कायदा येईपर्यंत हा साधा कागद, दोन प्रती, दोन साक्षीदार. एक साक्षीदार ताईंच्या बाजूचा असावा म्हणून त्यांचा भाऊ कदंब बसने आला होता.

रात्रींचं सांगायचं राहिलं. आठवड्यातल्या तीन रात्री नवऱ्याच्या, दोन माझ्या, दोन थोरल्या दिरांच्या. ते शुक्रवारी संध्याकाळी वास्कोहून येतात. पहिल्या काही आठवड्यांत दीर गजर लावूनही उठत नव्हते आणि जाऊबाई फोन करून त्यांना जागं करायच्या, म्हणजे पुन्हा एक बाई जागीच. ते मी बंद करायला लावलं. आता ते आपले उठतात, आणि मधल्या वेळात आईला पायाला तेल लावतात. चादरीने वर सरकवायचं आमच्यापेक्षा त्यांना छान जमतं, अंगात जोर आहे. धाकटे दीर पुण्याहून दर तीन महिन्यांनी आठवडाभर येतात आणि त्या आठवड्याच्या रात्री त्यांच्या. रजा मिळवणं त्यांना जड जातं. केंद्र सरकारी नोकरीत मुलांच्या संगोपनासाठी ७३० दिवसांची रजा आहे, तीही बायकांना आणि एकट्या वडिलांनाच. आईवडिलांच्या आजारपणासाठी मुलग्याने मागावी अशी रजा कंपन्यांच्या कल्पनेतच नसते, तर तो मागणार कशी? तरी त्यांनी साहेबांकडे लेखी मागितली, आणि त्यांच्या विभागात अशी मागणारे ते पहिले पुरुष ठरले.

चवथीचा प्रश्न मोठा होता. आमच्याकडे पाच दिवसांचा गणपती, आणि ताईंच्या घरीही. एजन्सी म्हणायची, सणाला बाई सोडू नका, बदली मिळत नाही. आम्ही त्यांना सहा दिवस सोडलं, भरपगारी. माटोळी, म्हणजे गणपतीवर टांगायची फळापानांची चौकट, बांधायचं काम घरातले पुरुष करतातच. त्या वर्षी दुपारचं भरवणं आणि चादरी धुणंही त्यांच्याकडे गेलं. अंघोळ नणंद आणि मी. पाच दिवसांत एकाही बाईचं जेवण पंगत उठल्यावर गार झालं नाही, एवढं मी छातीठोकपणे सांगू शकते.

वही अजून चालू आहे, तिसरी लागली. करार जानेवारीत नवा करायचाय. ताईंनी आताच सांगून ठेवलंय की पगारवाढीबरोबर त्यांना सलग पंधरा दिवसांची रजा हवी, लेकीच्या बाळंतपणासाठी. त्या पंधरा दिवसांचा तक्ता मांडायचं काम थोरल्या दिरांनी अंगावर घेतलंय, आणि त्यात दिवसाच्या पाळीलाही त्यांनी स्वतःचं नाव घातलंय.